साठीनंतरचे सहाशे रुपये



जानेवारी महिना आला की आपल्या घरांत दोन विषय हमखास निघतात. एक संक्रांतीच्या वाणाचा आणि दुसरा बजेटचा. वाणाचं ठरायला फार वेळ लागत नाही. बजेटमध्ये मात्र आपण नोकरदार माणसं एकच गोष्ट शोधत असतो: प्राप्तिकराच्या टप्प्यांत काही फरक पडला का? पडला तर बरं वाटतं, नाही पडला तर दोन दिवस कुरकुर करतो आणि विसरून जातो.

यंदा १ फेब्रुवारीला केंद्राचा अर्थसंकल्प येईल. त्यानंतर थोड्याच दिवसांत आपल्या भोपाळमध्ये, अरेरा हिल्सवरच्या विधानसभेत, मध्य प्रदेशचा २०२६-२७ चा अर्थसंकल्प मांडला जाईल. केंद्राच्या बजेटवर आपण तासन् तास बोलतो, राज्याच्या बजेटची बातमी मात्र चहाबरोबर वाचून संपते. खरं तर आपल्या आजूबाजूच्या गरीब माणसाच्या हातात महिन्याला किती रुपये पडणार, हे जास्त करून राज्याच्या बजेटमध्येच ठरतं. म्हणून या वेळी सामाजिक कल्याणाच्या खर्चाबद्दल थोडं लिहावं असं वाटलं.

मी काही अर्थतज्ज्ञ नाही. बीई करून गेली बारा-तेरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो आहे. नियम लिहायचे, ते संगणकाला समजावायचे आणि ते नेमके कुठे अडतात ते शोधायचं, हे माझं रोजचं काम. नियम मधल्या भागात सहसा नीट चालतो. तो फसतो तो काठावर, म्हणजे जिथे एक अट संपते आणि दुसरी सुरू होते तिथे. आपल्या राज्याच्या कल्याण योजनांमध्येही असा एक काठ आहे आणि तो वयाच्या साठाव्या वर्षी येतो.

आधी आकडे पाहू

'मुख्यमंत्री लाडली बहना योजना' आता सगळ्यांना ठाऊक आहे. तिची सुरुवात ५ मार्च २०२३ रोजी आपल्या भोपाळच्या जंबूरी मैदानावर झाली. १० जून २०२३ रोजी पहिला हप्ता जमा झाला, तेव्हा रक्कम होती महिन्याला १,००० रुपये. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ती १,२५० झाली आणि नोव्हेंबर २०२५ पासून १,५०० रुपये. आज सुमारे १ कोटी २६ लाख बहिणींच्या खात्यात हे पैसे जातात. १२ मार्च २०२५ रोजी अर्थमंत्री जगदीश देवडा यांनी ४,२१,०३२ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प मांडला, त्यात या एका योजनेसाठी १८,६६९ कोटी रुपये होते. म्हणजे राज्याच्या शंभर रुपयांतले जवळजवळ साडेचार रुपये. हप्ता १,५०० झाल्यावर या योजनेचा महिन्याचा खर्च साडेअठराशे कोटींच्या पुढे गेला आहे, म्हणजे येत्या अर्थसंकल्पात या ओळीसमोर २२,००० कोटींच्या वरचा आकडा लागेल.

आता दुसरी ओळ पाहा. वृद्ध, विधवा, दिव्यांग यांना मिळणारी सामाजिक सुरक्षा पेन्शन. ती महिन्याला ६०० रुपये आहे. २०१९ साली ती ३०० वरून ६०० झाली आणि तिथेच थांबली. राज्यात सुमारे ५६ लाख लोकांना ती मिळते. ५६ लाख गुणिले ६०० म्हणजे महिन्याला ३३६ कोटी, वर्षाला साधारण ४,०३२ कोटी. केंद्राचा वाटा धरूनही हा खर्च राज्याच्या अर्थसंकल्पाच्या शंभर रुपयांत एक रुपयासुद्धा होत नाही.

दिवसाचा हिशेब केला तर १,५०० रुपये म्हणजे रोजचे ५० आणि ६०० म्हणजे रोजचे २०. वीस रुपयांत टपरीवर दोन कट चहा येतात.

मला लाडली बहना योजनेवर टीका करायची नाही. 'रेवडी' म्हणून तिची थट्टा करणारे मी ऑफिसात रोज ऐकतो, पण बाईच्या स्वतःच्या खात्यात, तिच्या नावाने, ठरलेल्या तारखेच्या आसपास पैसे येणं ही साधी गोष्ट नाही. नवऱ्यापुढे हात न पसरता मुलाची वही घेता येते, डॉक्टरकडे जाता येतं. माझा प्रश्न वेगळा आहे. ही बहीण साठ वर्षांची झाली की तिचं काय होतं?

साठीची पायरी

योजनेची अट वय २१ ते ६० अशी आहे. साठ पूर्ण झाली की नाव यादीतून आपोआप निघतं. दर जानेवारीला अशी नावं निघतात. २०२५ च्या जानेवारीत एकदम दीड लाखाहून अधिक बहिणी यादीबाहेर गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या असतील.

एकदम इतक्या का? त्यामागे कागदपत्रांचाही हात आहे. ज्यांच्याकडे जन्माचा दाखला नाही आणि फक्त अंदाजे साल माहीत आहे, त्यांच्या आधार कार्डावर तारीख १ जानेवारी लागते. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, घरीच बाळंतपण झालेल्या पिढीतल्या लाखो बायका अशा रीतीने एकाच दिवशी जन्मल्या आहेत आणि एकाच दिवशी साठ वर्षांच्या होतात.

साठीनंतर काय? गरिबी रेषेखालचं कार्ड असेल तर वृद्धापकाळाची पेन्शन मिळू शकते, पण ती आपोआप सुरू होत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी पात्रता. लाडली बहनाला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलं की पुरतं, पेन्शनची चाळणी त्याहून बारीक. त्यामुळे काही जणी १,५०० वरून ६०० वर येतात आणि काही १,५०० वरून थेट शून्यावर.

आमच्या सोसायटीत पोळ्या करायला येणाऱ्या एक बाई आहेत, आम्ही सगळे त्यांना काकी म्हणतो. विदिशाकडच्या एका गावातून तीसेक वर्षांपूर्वी त्या भोपाळला आल्या. नवरा गेल्यावर त्यांना विधवा पेन्शन सुरू झाली. आपल्या राज्यात कागदोपत्री 'विधवा' हा शब्द टाळून 'कल्याणी' म्हणतात, ते चांगलंच आहे. २०२४ सालभर काकींना कल्याणी पेन्शनचे ६०० रुपये आणि लाडली बहनाचे ६५० रुपये, असे मिळून १,२५० मिळत. आधार कार्डावर त्यांची जन्मतारीख १ जानेवारी १९६५. त्यामुळे २०२५ च्या जानेवारीपासून फक्त ६०० उरले. बँकेचा मेसेज वाचून घ्यायला त्या फोन घेऊन माझ्याकडे आल्या. मी नियम समजावला. त्या म्हणाल्या, "भैया, काम तो अब वैसे ही कम होता है, पैसा भी कम कर दिया?" गुडघ्यांमुळे चार घरांची त्यांची दोन घरं झाली आहेत. त्यांच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं, कारण नियम तंतोतंत तसाच लिहिलेला आहे आणि तंतोतंत तसाच चालला.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. काकींना ६५० रुपये का मिळत होते? कारण योजनेतच अशी तरतूद आहे, की साठ वर्षांखालच्या बाईला सामाजिक सुरक्षा पेन्शन मिळत असेल आणि ती ठरलेल्या हप्त्याहून कमी असेल, तर मधला फरक भरून द्यायचा. म्हणजे ६०० रुपयांत भागत नाही हे सरकारने स्वतःच मान्य केलेलं आहे. फरक मोजायची आणि भरून द्यायची व्यवस्थाही तयार आहे. समग्र पोर्टलवर कुटुंबाचा आठ आकडी आणि प्रत्येक सदस्याचा नऊ आकडी क्रमांक आहे, आधारशी जोडलेलं खातं आहे, दर महिन्याला पैसे जातातच. अडते ती फक्त 'वय साठपेक्षा कमी' ही एक अट. माझ्या भाषेत सांगायचं तर नवी यंत्रणा बांधायची नाही, एक ओळ बदलायची आहे. अर्थात त्या ओळीमागे पैसा लागतो, त्याकडे पुढे येतोच.

दिल्लीचे दोनशे रुपये

या ६०० रुपयांत केंद्राचा वाटा किती, हे ऐकून मला धक्का बसला होता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी 'राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम' सुरू झाला, तेव्हा वृद्धापकाळाच्या पेन्शनसाठी केंद्र ७५ रुपये देत असे. २००६-०७ मध्ये ते २०० झाले. साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसासाठी आजही केंद्राचा वाटा २०० रुपयेच आहे. ऐंशीच्या पुढे ५०० आहे, तोही २०११ पासून तसाच. विधवा आणि दिव्यांगांसाठी २०१२ पासून ३०० रुपये. या सगळ्या कार्यक्रमासाठी २०२४-२५ आणि २०२५-२६ अशी सलग दोन वर्षं केंद्राची तरतूद ९,६५२ कोटी रुपये होती.

२००६-०७ साली डाळ काय भाव होती आणि गॅसचं सिलिंडर किती रुपयांना येत होतं, ते आईला विचारून पाहा. तेव्हाच्या २०० रुपयांचं मोल आज जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतकं उरलं आहे. किती जणांना द्यायचं याची कमाल संख्याही २००१ ची जनगणना आणि २००४-०५ च्या गरिबीच्या प्रमाणावरून ठरलेली आहे.

माझ्या पगारपत्रकात दर महिन्याला 'वृत्तिकर' म्हणून २०८ रुपये कापले जातात. महाराष्ट्रात ज्याला व्यवसाय कर म्हणतात तोच. ती ओळ मी इतकी वर्षं पाहिलीही नव्हती, इतकी ती किरकोळ वाटते. एका निराधार म्हातारीला केंद्राकडून महिनाभरासाठी मिळणारी रक्कम त्या ओळीहून आठ रुपयांनी कमी आहे.

आपल्या घरातल्या निवृत्त सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेन्शनवर महागाईनुसार वाढ मिळते, आणि ती मिळायलाच हवी. पण ज्यांना कधी पगारपत्रकच नव्हतं त्यांच्या पेन्शनला महागाईशी जोडणारा धागाच नाही. गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यांत आयुष्य काढलेल्या कामगारांचीही तीच गत. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतली किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपयांवर थांबली आहे.

भोपाळला हे नवं नाही

पेन्शन ठरवून दिली आणि तिची नीट तरतूद केली नाही तर काय होतं, हे भोपाळकरांना वेगळं सांगायला नको. वायुगळतीत नवरा गमावलेल्या सुमारे ५,००० बायकांसाठी २०१० च्या पुनर्वसन आराखड्यात महिन्याला १,००० रुपयांची पेन्शन ठरली. त्यासाठी ३० कोटी रुपये बाजूला काढले गेले. गणित करून पाहा: ५,००० बायका, महिन्याला ५० लाख, वर्षाला ६ कोटी. तीस कोटी पाच वर्षांत संपणार हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं. पेन्शन मधेच थांबली, पुन्हा सुरू झाली आणि २०१९ च्या डिसेंबरात परत बंद पडली. ३ डिसेंबर २०२० रोजी, दुर्घटनेच्या छत्तिसाव्या स्मृतिदिनी, ती पुन्हा सुरू करण्याची घोषणा झाली. मधलं एक वर्ष, तेही करोनाचं, त्या बायकांनी कसं काढलं असेल?

या प्रकरणावरून मी एवढं शिकलो, की घोषणा कोणती झाली यापेक्षा ती कोणत्या खात्यातून, किती वर्षांसाठी आणि कोणत्या नियमाने चालणार, हे आधी विचारावं.

शेजारी काय करतात?

आपल्यापैकी बहुतेकांचे नातेवाईक महाराष्ट्रात आहेत, त्यामुळे तुलना होणारच. तिथे २८ जून २०२४ च्या अर्थसंकल्पात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर झाली. वय २१ ते ६५, रक्कम १,५०० रुपये. पासष्टीनंतर निराधार वृद्धांसाठी 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना' आहे आणि तिची रक्कमही १,५०० रुपये. म्हणजे कागदावर तरी तिथे पायरी सपाट आहे. जिथे एक योजना संपते तिथे दुसरी त्याच उंचीवर सुरू होते.

पण दार अरुंद आहे. लाडकी बहीणसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, तर श्रावणबाळसाठी गेली अनेक वर्षं फक्त २१,००० रुपये. महिन्याला १,७५० रुपयांहून जास्त कमावणारं कुटुंब बाहेर! त्यामुळे पासष्टी ओलांडलेल्या कितीतरी बहिणी त्या दारातून आत जाऊच शकणार नाहीत. आपल्याकडे उंचीचा प्रश्न आहे, त्यांच्याकडे रुंदीचा.

बाकीच्या राज्यांतही हालचाल आहे. आंध्र प्रदेशात जुलै २०२४ पासून वृद्धांना महिन्याला ४,००० रुपये मिळतात. राजस्थानने २०२३ साली किमान हमी उत्पन्नाचा कायदा केला आणि पेन्शनमध्ये दर वर्षी १५ टक्के वाढीची तरतूद त्यात घातली. बिहारसारख्या आपल्याहून गरीब राज्याने २०२५ च्या मध्यावर पेन्शन ४०० वरून एकदम १,१०० केली. तिथे निवडणूक तोंडावर होती हे खरंच, पण म्हातारीच्या हातात अकराशे पडले हेही तितकंच खरं.

पैसा कुठून आणायचा?

हा प्रश्न रास्त आहे. राज्यावर चार लाख कोटींहून अधिक कर्ज आहे. 'आणखी द्या' म्हणणं सोपं असतं, म्हणून 'आधी कुणाला द्या' एवढंच मी विचारतो आहे. प्राधान्य म्हणजे शेवटी क्रम लावणं.

नोव्हेंबरात लाडली बहनाचा हप्ता २५० रुपयांनी वाढला. १ कोटी २६ लाख गुणिले २५० म्हणजे महिन्याला ३१५ कोटी, वर्षाला ३,७८० कोटी. आता सामाजिक सुरक्षा पेन्शन ६०० वरून १,००० करायची झाली तर? ५६ लाख गुणिले ४०० म्हणजे महिन्याला २२४ कोटी, वर्षाला २,६८८ कोटी. म्हणजे बहिणींच्या एका वाढीला जेवढे पैसे लागले, त्याहून कमी पैशांत राज्यातल्या प्रत्येक वृद्ध, विधवा आणि दिव्यांगाची पेन्शन हजार रुपये होऊ शकते. त्याच ३१५ कोटींत ती साधारण साडेअकराशेपर्यंत जाते.

आणि थेट १,५०० करायची म्हटली तर वर्षाला ६,०४८ कोटी जास्त लागतील. गेल्या अर्थसंकल्पाच्या मापाने शंभरातले दीड रुपयाहून थोडे कमी. प्रत्यक्षात खर्च याहूनही कमी येईल, कारण साठीखालच्या विधवांना जो फरक आज लाडली बहनातून भरून दिला जातो, तो तेवढा वाचेल.

लाडली बहनाचा हप्ता २०२८ पर्यंत ३,००० रुपये करण्याचं आश्वासन आहे. आजच्या संख्येने त्यासाठी वर्षाला २२,६८० कोटी जास्त लागतील. म्हणजे पैसा वाढवण्याचा रस्ता सरकारने आधीच आखलेला आहे. त्या रस्त्यावर पुढचं पाऊल टाकण्याआधी एक पाऊल साठीपुढच्यांसाठी टाकावं, इतकीच माझी अपेक्षा. नाहीतर २०२८ साली पायरी अशी असेल: एकोणसाठाव्या वर्षी ३,००० आणि साठाव्या वर्षी ६००.

ज्याच्या अंगात काम करायची ताकद आहे त्याला मदत हवीच, पण ज्याची ताकद संपली त्याचा नंबर आधी लागायला हवा. घरात वाढतानासुद्धा आपण आधी मुलांना आणि म्हाताऱ्यांना वाढतो. आपल्या संविधानाचं कलम ४१ हेच सांगतं: वार्धक्य, आजारपण आणि बेकारी या काळात सार्वजनिक साहाय्य मिळवण्याच्या हक्कासाठी राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत तरतूद करावी. कुवत किती आहे हे वर आपण पाहिलंच.

राज्याच्या वित्त विभागाने 'शून्याधारित' अर्थसंकल्पाची पद्धत घेतली आहे. म्हणजे गेल्या वर्षीच्या आकड्यात पाच-दहा टक्के मिळवून नवा आकडा लिहायचा नाही, प्रत्येक योजनेची गरज शून्यापासून सिद्ध करायची. सहाशे रुपयांचा आकडा शून्यापासून सिद्ध करून दाखवायला यापेक्षा चांगली वेळ नाही. एका माणसाला महिन्याला किती लागतं इथून सुरुवात केली, तर कुठलंही गणित सहाशेवर येऊन थांबणार नाही.

पागे यांनी दाखवलेली वाट

आपल्या मराठी इतिहासात याचं एक फार चांगलं उदाहरण आहे. वि. स. पागे हे महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. हाताला काम मागणाऱ्याला सरकारने काम दिलंच पाहिजे, ही कल्पना त्यांनी मांडली आणि साठच्या दशकात सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला तिचा पहिला प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात ती योजना लाखो लोकांच्या कामी आली. पण खरी शहाणपणाची गोष्ट त्यानंतर झाली. १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कराचा कायदा केला. शहरातल्या नोकरदारांकडून थोडा थोडा पैसा घ्यायचा, राज्याने त्यात तेवढीच भर घालायची आणि तो रोजगार हमीवर खर्च करायचा. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. पैशाचा झरा ठरला, हक्क कायद्यात आला, त्यामुळे मुख्यमंत्री बदलले तरी योजना टिकली. पुढे २००५ साली देशाने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव हाताशी होता.

वृद्धांच्या पेन्शनसाठीही असंच काही व्हावं असं मला वाटतं. तीन गोष्टी पुरेत. पहिली, साठीनंतर रक्कम खाली येणार नाही हा नियम. दुसरी, दर वर्षी महागाईनुसार वाढ. तिसरी, लाडली बहनातून बाहेर पडणाऱ्या बाईने नवा अर्ज न करता पेन्शनमध्ये आपोआप जाणं, कारण तिची सगळी माहिती सरकारकडे आधीपासूनच आहे. माझ्या २०८ रुपयांची ओळ या कामासाठी ठरवून दिली, तर ती मी आनंदाने पाहीन.

आपण काय करू शकतो?

अर्थसंकल्पासाठी राज्य सरकार दर वर्षी नागरिकांकडून सूचना मागवतं. 'मायगव्ह'च्या मध्य प्रदेश पोर्टलवर त्या लिहिता येतात. आपल्यापैकी किती जणांनी आजवर एक तरी सूचना पाठवली आहे? यंदा मुदत पाहून पाठवूया. हिंदीत चार ओळी पुरेत: सामाजिक सुरक्षा पेन्शन लाडली बहनाच्या हप्त्याइतकी करा, ती महागाईशी जोडा आणि साठीनंतरचं हस्तांतर आपोआप करा. आपल्या आमदारांनाही हेच पत्र देता येईल. लाडली बहनाबद्दल त्यांना शेकडो पत्रं येत असतील, साठीपुढच्या बहिणींबद्दल क्वचितच येत असेल.

दुसरं काम घराजवळचं आहे. आपल्या इमारतीत येणाऱ्या बायका, चौकीदार, भाजीवाल्या आजी यांची कागदपत्रं एकदा पाहूया. समग्रमध्ये नाव बरोबर आहे का, ई-केवायसी झालं आहे का, खातं आधारशी जोडलेलं आहे का, गरिबी रेषेखालच्या यादीत नाव आहे का, आणि जी यंदा साठ पूर्ण करते आहे तिचा पेन्शनचा अर्ज भरला आहे का. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड मिळतं. आपल्या स्वतःच्या आजी-आजोबांचंही ते काढायचं राहिलेलं असू शकतं.

रथसप्तमीपर्यंत आपल्या मंडळात आणि घरोघरी हळदीकुंकू चालेल. त्यातली एक दुपार या कामाला देऊया असं मी सुचवतो. दोन-तीन लॅपटॉप, एक प्रिंटर आणि फॉर्म नीट वाचू शकणारी चार माणसं एवढंच लागेल. लॅपटॉप आणि प्रिंटर मी घेऊन येईन. ज्यांना यायचं असेल त्यांनी मंडळाच्या कार्यालयात नाव द्यावं आणि येताना आपल्याकडे काम करणाऱ्या एका तरी काकींना बरोबर आणावं. आधार कार्ड, समग्रचा क्रमांक, बँकेचं पासबुक आणि आधारशी जोडलेला फोन आणायला त्यांना आठवणीने सांगा. ओटीपी त्याच फोनवर येतो.